‘जास्तीचे लघवीतून निघून जाते’ हे अर्धसत्य

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला ‘ब’ जीवनसत्त्वांवरचा लेख वाचला. विषय गरजेचा, त्याबद्दल आभार. पण ‘गोळी रोज घ्या, जास्तीचे लघवीतून निघून जाते, अपाय काहीच नाही’ हे वाक्य तुम्ही छापलेच कसे? बी-६ मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतले, तर त्यानेच नसांना इजा होते.

लेखकाने आठही जीवनसत्त्वांची एकच मोट बांधली आहे. माझ्या थोरल्या भावाच्या बाबतीत नेमके हेच झाले. मधुमेहासाठी तो वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेत होता. आधी तळपायांना मुंग्या आल्या, मग बधिरपणा. पायातली चप्पल निसटली तरी त्याला कळायचे नाही. तोंड धुताना डोळे मिटले की तोल जायचा, म्हणून एक हात बेसिनला घट्ट धरलेला असायचा. हिमोग्लोबिन कमी दिसले म्हणून फॉलिक ॲसिड, म्हणजे ‘ब’ गटातलेच एक जीवनसत्त्व, सुरू झाले. अहवाल सुधारला, डॉक्टर समाधानी, पाय मात्र बिघडतच गेले. बी-१२ कमी असताना नुसते फॉलिक ॲसिड दिले तर रक्त सुधारते, नसांची झीज चालूच राहते, आणि कमतरतेची रक्तात दिसणारी खूण तेवढी पुसली जाते. दुसऱ्या डॉक्टरांनी बी-१२ तपासले तेव्हा उलगडा झाला. इंजेक्शनांनी मुंग्या थांबल्या. गेलेली संवेदना पूर्ण परत आली नाही.

मेटफॉर्मिनमुळे बी-१२चे शोषण घटते, ही वैद्यकातली जुनी माहिती. यकृतातला साठा काही वर्षे पुरतो, म्हणून कमतरता उशिरा उघडी पडते. लेखात यावर एक ओळ नाही. उलट ‘पालेभाज्यांतून सगळे मिळते’ असा दिलासा आहे. पालेभाज्यांतून फोलेट (फॉलिक ॲसिडचे नैसर्गिक रूप) मिळते, बी-१२ नाही.

आणि लेखाखालीच केसांसाठी बायोटिन या आणखी एका ‘ब’ जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची जाहिरात! बायोटिनच्या मोठ्या मात्रेने थायरॉईडच्याच नव्हे, तर हृदयविकाराच्या झटक्यात होणाऱ्या ट्रोपोनिन तपासणीचेही आकडे चुकू शकतात. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्येच तसा इशारा दिला होता. तपासणीसाठी रक्त द्यायला जाताना ‘मी बायोटिन घेतो’ हे सांगायला हवे, एवढे तरी वाचकाला कळू द्या.

दुरुस्ती त्याच पुरवणीत, त्याच जागी आणि तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावी. तो लेख वाचून कुणी तपासणी पुढे ढकलली असेल, तर त्याची नजर तिथेच जाईल.

आपला,
एक जुना वर्गणीदार