रेवाला, शार्लट्सव्हिलच्या पत्त्यावर

चि. रेवास,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज आईने मला वाचून दाखवला. देवावर तुझा विश्वास उरलेला नाही, एकादशी केव्हाच सुटली, आणि आम्हाला बरं वाटावं म्हणून फोनवर "हो, दिवा लावला" म्हणत आलीस, असं तू लिहिलं आहेस. बाबांना सांगू नकोस, असंही. आईने सांगितलं हे फार बरं केलं.

माझी रोजची पूजा आणि हरिपाठ तू लहानपणापासून पाहिला आहेस. मी भाविक माणूस आहे आणि शेवटपर्यंत तसाच राहीन. तरी तुझ्या मेसेजचा मला राग आला नाही. का नाही आला, हे सांगायला मला तुझ्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संस्थापकाकडेच जावं लागेल. तुला तिथे प्रवेश मिळाला तेव्हापासून मी थॉमस जेफरसन वाचतो आहे.

अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा त्याने लिहिला हे शाळेतल्या मुलालाही माहीत असतं. मला मात्र त्याने लिहिलेला व्हर्जिनियाचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा जास्त मोलाचा वाटतो. त्या काळी तिथे इंग्लंडचं चर्च हेच सरकारी चर्च होतं. त्याच्या पाद्र्यांचा खर्च लोकांच्या करातून निघायचा, मग तुमचा पंथ कुठलाही असो. परवान्याशिवाय प्रवचन केलं म्हणून बॅप्टिस्ट या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाच्या प्रचारकांना तुरुंगात घालत. जेफरसनने 1777 मध्ये मसुदा केला, 1779 मध्ये तो विधिमंडळात आला आणि तसाच पडून राहिला. 1784 मध्ये तिथल्याच पॅट्रिक हेन्री या पुढाऱ्याने उलट दिशेचा प्रस्ताव पुढे केला: ख्रिस्ती धर्मशिक्षकांसाठी कर घ्यायचा, पण आपला पैसा कुठल्या पंथाला जावा हे करदात्याने ठरवायचं. ऐकायला किती उदार! जेफरसनचा मित्र जेम्स मॅडिसन याने 1785 मध्ये, स्वतःचं नाव न घालता, त्याविरुद्ध निवेदन लिहिलं. जे सरकार एका धर्मसंस्थेसाठी माणसाकडून तीन पेन्स सक्तीने घेऊ शकतं, ते उद्या त्याला दुसऱ्या कुठल्याही धर्मसंस्थेपुढे वाकवू शकतं, असं त्याचं म्हणणं होतं. सह्यांचे अर्जावर अर्ज आले, कर बारगळला आणि जानेवारी 1786 मध्ये जेफरसनचा कायदा मंजूर झाला. तो स्वतः तेव्हा पॅरिसला वकिलातीत होता.

त्या कायद्याची सुरुवात माझ्यासारख्याला थेट भिडते. देवाने मन स्वतंत्र घडवलं आहे, असं तो म्हणतो. देव सर्वशक्तिमान, मनात आणलं असतं तर सगळ्यांना जबरदस्तीने भक्त करणं त्याला काय अवघड होतं? त्याने ते केलं नाही. मग माणसाने कुठल्या अधिकाराने करायचं? दंड करून, शिक्षा देऊन मन वळवू पाहिलं तर ढोंग आणि हलकेपणा तेवढा वाढतो, असं त्याने पुढे लिहिलं आहे. तिथे मला तुझा तो न लावलेला दिवा आठवला, रेवा. माझ्या समाधानासाठी तू खोटं बोलावंस, अशी भक्ती मला नको आहे. माझ्या विठ्ठलालाही नको असेल.

त्या कायद्याच्या प्रस्तावनेत येशू ख्रिस्ताचं नाव घालायची सूचना आली होती, ती मोठ्या बहुमताने फेटाळली गेली. म्हातारपणी, 1821 मध्ये, आत्मचरित्रात याबद्दल लिहिताना त्याने नोंदवलं की हे संरक्षण ज्यू, ख्रिस्ती, मुसलमान, हिंदू आणि काहीच न मानणारे अशा सर्वांसाठी होतं. व्हर्जिनियात तेव्हा हिंदू कुठले असणार! तरी त्याने आपली आठवण ठेवली. आणि त्याच यादीत तूही आहेस, आता तुझ्या नव्या जागी.

1787 च्या ऑगस्टमध्ये त्याने पॅरिसहून भाच्याला, पीटर कारला, एक पत्र पाठवलं होतं. पोराचे वडील लहानपणीच गेलेले, म्हणून मामाच अभ्यासाची काळजी वाहायचा. देव आहे की नाही हा प्रश्नसुद्धा धीटपणे विचार, असं तो सांगतो. देव असलाच तर घाबरून, डोळे बांधून केलेल्या भक्तीपेक्षा बुद्धीने दिलेला मान त्याला जास्त पसंत पडेल. शोधाच्या शेवटी देव नाही असं वाटलं, तरी चांगलं वागण्यातला आनंद आणि लोकांचं प्रेम तुला चांगलं ठेवायला पुरेल. पण त्याने भाच्याला एक अटही घातली आहे, ती तू टाळू नकोस. दुसरे मानतात म्हणून मानायचं नाही, तसं दुसरे मानत नाहीत म्हणून सोडायचंही नाही. तुझा निर्णय तुझाच आहे ना, वसतिगृहातल्या वाऱ्याबरोबर आलेला नाही ना, एवढं तू स्वतःला विचार. उत्तर मला कळवलंच पाहिजेस असं नाही.

तो स्वतः कसा शोधत होता तेही बघ. सत्तरी ओलांडल्यावर त्याने ग्रीक, लॅटिन, फ्रेंच आणि इंग्रजी अशा चार भाषांतली बायबलं घेतली, येशूची शिकवण आणि चरित्र तेवढं पात्याने कापून काढलं आणि कोऱ्या पानांवर शेजारी शेजारी चिकटवलं. चमत्कार गाळले. थडग्याच्या तोंडाशी मोठा धोंडा लोटून लोक निघून जातात, तिथे त्याचं पुस्तक संपतं, पुनरुत्थान नाही. ते त्याने छापलं नाही. स्वतःसाठी केलं होतं.

आता जे सलतं तेही लिहितो. मन स्वतंत्र आहे म्हणणाऱ्या या माणसाने आयुष्यभरात सहाशेहून जास्त माणसं गुलाम म्हणून बाळगली. तो गेल्यावर, 1827 च्या जानेवारीत, कर्ज फेडायला माँटिसेलोवर, म्हणजे त्याच्या राहत्या मळ्यावर, 130 जणांचा लिलाव झाला. कुटुंबं तुटली. देव न्यायी आहे हे आठवलं की मला माझ्या देशासाठी कापरं भरतं, असं गुलामगिरीबद्दल लिहिणारा तोच, आणि आपल्याकडच्या बहुतेक गुलामांना मुक्त न करणाराही तोच. याची सारवासारव मला करता येत नाही, करायचीही नाही. तुमच्या आवारात गुलाम मजुरांचं स्मारक 2020 मध्ये उभं राहिलं आहे. तिथे एकदा नीट वेळ काढून जा. मग रोटुंडाकडे, त्या घुमटाच्या इमारतीकडे, बघ. विद्यापीठाच्या मानाच्या जागी, जिथे इतरांनी प्रार्थनाघर बांधलं असतं, तिथे त्याने ग्रंथालय ठेवलं. त्याच्या विटा रचायलाही तीच माणसं राबली होती.

डिसेंबरच्या सुट्टीत तू येशील तेव्हा जेजुरीला जायचं ठरलं आहे. मी आणि आई जाणारच. तुला गड चढावासा वाटला तर चल, नाहीतर घरी आराम कर. आत्या विचारेल, तिला काय सांगायचं ते मी बघतो. आजीच्या देवघरापुढे मात्र पूर्वीसारखी बसत जा. तिला तुझ्याशी बोलायचं असतं. आणि यापुढे फोनवर दिवा लावला असं म्हणू नकोस. जेवलीस का, एवढंच सांग.

तुझा,
बाबा