डेटा सिंकचा जॉब एजंटने परस्पर चालवू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईतील एका औषध वितरण कंपनीत मी डेटा विभागात काम करते. भिवंडीच्या गोदामातील साठा, औषध दुकानदारांच्या मागण्या आणि हिशेब या तीन वेगवेगळ्या प्रणालींमधील नोंदी ठरावीक वेळी एकमेकींशी जुळवणे, म्हणजे सिंक करणे, हे आमचे रोजचे काम. ही जुळवणी करणारे बहुतेक जॉब, म्हणजे संगणकाला नेमून दिलेली कामे, वेळापत्रकाप्रमाणे आपोआप चालतात. मात्र रात्रीचा जॉब अर्ध्यावर बंद पडला किंवा दुपारीच ताजा साठा पाहायचा असला, तर तो कुणीतरी हाताने चालवावा लागतो. हे काम आता अनेक कार्यालयांत एआय एजंटकडे, म्हणजे साध्या भाषेतली सूचना समजून स्वतः काम पार पाडणाऱ्या एआय प्रणालीकडे, सोपवले जात आहे आणि ते कसे सोपवावे, याबद्दल मला कळकळीने काही सांगायचे आहे.

एजंटची सोय मी नाकारत नाही. पूर्वी गोदामातून फोन आला की आमच्यापैकी कुणाला तरी लॅपटॉप उघडावा लागे. आता गोदामातील सहकारी साध्या मराठीत ‘साठा ताजा कर’ असे लिहितो आणि एजंट जॉब शोधून सुरू करतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ (एआयला बाहेरच्या प्रणालींशी जोडण्याची सामाईक पद्धत) खुला केल्यापासून जॉब चालवण्यासारखी साधने एजंटला जोडणे बरेच सोपे झाले आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे असाच एक जॉब एजंटने सुरू केला. जॉब सुरू झाला होता, पण त्याची पोच वेळेत परत आली नाही. तेव्हा प्रयत्न फसला असे समजून एजंटने तोच जॉब पुन्हा चालवला. आलेल्या नोंदी आहे त्या यादीत जोडत जायच्या, अशी त्या जॉबची मांडणी असल्यामुळे एकच आवक दोनदा नोंदली गेली आणि सकाळी इन्सुलिनचा साठा प्रत्यक्षापेक्षा दुप्पट दिसू लागला. त्या आकड्यावर विसंबून आम्ही दुकानदारांना माल पाठवण्याचा शब्द दिला, आणि दुपारी तो मागे घ्यावा लागला. त्या औषधाची वाट पाहणाऱ्या रुग्णांचा विचार आजही माझ्या मनातून जात नाही.

यूपीआयने पैसे पाठवताना व्यवहार अडकला, तर आपण लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवत नाही, आधी पहिल्याचे काय झाले ते पाहतो. एजंटलाही हेच शिकवावे लागते, आणि केवळ सूचना लिहून भागत नाही. प्रत्येक विनंतीला एक क्रमांक द्यावा, तोच क्रमांक पुन्हा आला तर प्रणालीनेच नवा जॉब सुरू करू नये आणि त्याच कनेक्शनवर, म्हणजे दोन प्रणालींमधील त्याच जोडणीवर, एक जॉब चालू असताना दुसरा नाकारावा. ही तजवीज एजंटच्या समजुतीवर न सोडता मूळ प्रणालीतच असली पाहिजे.

दुसरा धोका ‘ताजा कर’ या शब्दांतच आहे. त्यांचा अर्थ फक्त नव्या आणि बदललेल्या नोंदी आणणे असाही होतो आणि सगळा तक्ता पुसून मुळापासून भरणे असाही होतो. पहिले काम काही मिनिटांचे असते. दुसऱ्याला तासन्‌तास लागू शकतात आणि मूळ प्रणालीने दिवसाला ठरवून दिलेली विनंत्यांची मर्यादा त्यातच संपली, तर बाकीच्या विभागांचे काम खोळंबते. म्हणून कोणते कनेक्शन, कोणता प्रकार आणि कोणता तक्ता बदलणार, हे एजंटने आधी दाखवावे आणि माणसाने होकार दिल्यावरच जॉब सुरू करावा. एजंटची कृती नाकारण्याची सोय माणसाकडे असावी, अशी शिफारस वर उल्लेखलेल्या प्रोटोकॉलमध्येही आहे. जॉबची स्थिती पाहण्याची परवानगी सर्वांना खुशाल द्यावी, पण तो चालवण्याची परवानगी वेगळी आणि मोजक्यांनाच असावी.

लॉगची, म्हणजे प्रणालीत केव्हा काय घडले याच्या आपोआप होणाऱ्या नोंदींची, बाब तर सर्रास दुर्लक्षिली जाते. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संगणक प्रणालींचे लॉग १८० दिवस जपून ठेवणे बंधनकारक आहे. परंतु एजंट एकाच सामाईक खात्यातून जॉब चालवत असेल, तर लॉगमध्ये केवळ त्या खात्याचे नाव उरते. सांगितले कुणी आणि कोणत्या शब्दांत, हे कुठेच सापडत नाही. आमची चूक शोधताना आम्हाला नेमकी हीच अडचण आली आणि निम्मा दिवस फोनाफोनीत गेला.

खासगी कंपन्यांनी हे पाळावेच. त्याहून अधिक आग्रहाची विनंती महापालिका आणि राज्य शासनाच्या विभागांना आहे. रुग्णालयांतील औषधसाठा किंवा शिधापत्रिकांच्या नोंदी जुळवण्यासाठी उद्या अशी साधने घेतली गेली, तर जॉब चालवण्यापूर्वी माणसाची मंजुरी, दुबार जॉबला प्रणालीतूनच अटकाव आणि सांगणाऱ्याच्या नावासह लॉग या तीन अटी निविदेतच लिहिल्या जाव्यात.

– एक वाचक, मुलुंड, मुंबई