मुखपृष्ठावर आजीचंच नाव घाल

प्रिय मित्रा,

तुझं पत्र, तुझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची वही आणि कॅसेटवरून करून घेतलेली सीडी, सगळं नीट पोचलं. वही सलग वाचून काढली आणि मग हवी तिथे उघडून वाचत बसलो. प्रकाशक म्हणताहेत की पुस्तकावर 'लेखक' म्हणून तुझं नाव घालू, कारण ऐकून उतरवून घेतलंस तू, टिपा दिल्यास तू, आणि आजीला तर अंगठाच उठवावा लागायचा. मला काय वाटतं असं विचारलंस. आजीचं नाव घाल. तिचं एकटीचं. तुझं खाली, 'संकलन' म्हणून.

का, ते तुझ्याच वहीतल्या ओवीवरून सांगतो; शब्द मात्र सीडीत आजी म्हणते तसे ठेवलेत.

सरलं दळान माझं, सुपात पाच गहू
भोंग्याच्या गावी बाळा, किती तुझी वाट पाहू

पहिली ओळ आजीची नाही. तशी ओळ मावळात कुठल्याही जात्यावर ऐकू आली असती. ती सगळ्याजणींची होती, गळा लागेपर्यंत प्रत्येकीनं वापरायची. पण 'भोंग्याचं गाव' कुणाचं? तुझे वडील मिसरूड फुटायच्या आत परळच्या गिरणीत लागले, आणि सणाला घरी आले की भोंगा कसा वाजतो ते सांगायचे, हे तूच लिहिलंयस. आजीनं मुंबई पाहिली नव्हती. तिच्या मुंबईत ना समुद्र होता ना ट्राम, फक्त तिच्या पोराला झोपेतून उठवणारा तो आवाज होता. आणि त्याच सुमाराला ती इकडे अंधारात जात्याचा खुंटा धरून बसलेली असायची. हे दोन शब्द दुसऱ्या कुणी असे जोडले नसते. ज्याच्या जगण्यातून शब्द येतो आणि जो तो निवडतो, तो लेखक. कागदावर कुणी उतरवला हा प्रश्न त्यानंतरचा.

बहिणाबाई चौधरींचं उदाहरण तर आपल्या डोळ्यांसमोर आहे. असोद्याला जन्म, जळगावात संसार, अक्षरओळख नाही. शेतात, जात्यावर, चुलीपुढे गाणी होत गेली, आणि घरातल्यांनी जमेल तेवढी लिहून ठेवली. 1951 मध्ये त्या गेल्या. मग मुलगा सोपानदेव यांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, अत्र्यांनी हे जगापुढे यायलाच हवं म्हणून आग्रह धरला आणि 1952 मध्ये पुस्तक निघालं. सोपानदेव स्वतः कवी होते, हे विसरू नकोस. छंद त्यांना कळत होता, प्रमाण मराठी हातात होती, आईच्या शब्दांना 'जरा साफसूफ' करणं त्यांना सहज जमलं असतं. पण खानदेशातली ती बोली कागदावर बोलीच राहिली, आणि मुखपृष्ठावर नाव आईचं आलं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्या बाईचं नाव आहे. मुलाचा हा मोठेपणा मला त्यांच्या कवितेइतकाच मोलाचा वाटतो.

आता 'उतरवून घेणारा' हे काही कमी प्रतीचं काम आहे असं मनात आणू नकोस. ज्ञानेश्वरीच्या शेवटी शके 1212 मध्ये टीका ज्ञानेश्वरांनी केली असं सांगताना त्याच ओवीत सच्चिदानंदबाबांचं नाव येतं, कारण लिहून घेतलं त्यांनी. दोघांची नावं, दोघांची कामं, कुठे गोंधळ नाही. तुला तेवढी जागा मिळाली तर आणखी काय हवं?

पण एका गोष्टीवर भांडणार आहे. सीडीत आजी स्वच्छ 'दळान' म्हणते, 'ववी' म्हणते. वहीत तू 'दळण' आणि 'ओवी' केलंस. ते परत फिरव. तीनशे वर्षांच्या नकलांत ज्ञानेश्वरीत पाठभेद शिरले तेव्हा एकनाथांनी शके 1506 मध्ये प्रती ताडून ती शुद्ध केली, आणि वर बजावलं की हिच्यात जो आपली ओवी घालील त्यानं अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली म्हणून समजावं. ज्यांना स्वतःला एवढं उत्तम लिहिता येत होतं, त्यांनी आपला शब्द बाहेर ठेवला. तूही ठेव. अर्थ लागत नसेल तिथे खाली टीप दे, ओळीला हात लावू नकोस.

प्रकाशकांना पटलं नाही तर कायदाही सांग. 1957 च्या कॉपीराईट कायद्याचं कलम 57 लेखकाला आपलं लेखकपण सांगायचा हक्क देतं, आणि पुस्तकाचे हक्क विकून टाकले तरी हा हक्क जात नाही. आणि दाखला हवा असेल तर हाही दे: संशोधक हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यात गाणारणीचं नाव आणि गाव नोंदवलेलं असतं. लाखाच्या हिशेबात जे जमलं ते तुझ्या एका वहीत जमणार नाही?

खरं तर मला दुसऱ्याच गोष्टीची काळजी लागलीय. मुखपृष्ठ नव्हतं तेव्हा आपल्याकडे नाव अभंगातच गुंफत. पण बायकांनी ते कसं गुंफलं बघ. जनाबाई नामदेवांच्या नावानं 'नामयाची जनी' म्हणवते, सोयराबाई नवऱ्याच्या, चोखामेळ्याच्या नावानं 'चोखियाची महारी'. एवढ्या ताकदीच्या कवयित्री, आणि सही दुसऱ्याच्या नावावरून. आजीच्या ओव्यांत तर तेवढीही सही नाही. सगळीकडे बाळा, बंधू, मैना. म्हणून मुखपृष्ठावर 'अमक्याची आई' किंवा 'एक मावळकन्या' असलं काही येऊ देऊ नकोस.

आणि नाव तरी कोणतं? लग्नात तिचं नाव बदललं होतं, रेशनकार्डावर तेच आहे. पण ओव्या ती माहेरी असल्यापासून गायची. आत्यांना विचार, जात्यावर समोर बसणाऱ्या बाया तिला कोणत्या नावानं हाक मारायच्या. माझं मत माहेरच्या नावाला आहे, कंसात सासरचं. पण शब्द आत्यांचा शेवटचा धर, त्या तिच्याबरोबर दळायला बसल्यात. मानधनाचे पैसेही त्यांच्याच हातात दे.

प्रुफं आली की मला पाठव. सीडी लावून ओळ न् ओळ ताडून पाहीन, त्याशिवाय छापायला सोडू नकोस. आत्यांना माझा नमस्कार.

तुझाच,
जुना मित्र