भरलेला छेद पुन्हा ओला होतो तेव्हा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दुर्बिणीतून होणाऱ्या शस्त्रक्रियांवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. लहान छेद, लवकर घरी, हे अगदी खरं. माझी पत्नीही पित्ताशय काढल्यावर तिसऱ्या दिवशी चालत घरी आली. पाचव्या आठवड्यात बेंबीजवळच्या भरलेल्या छेदाखाली हरभऱ्याएवढी गाठ आली. ती फुटली आणि पाण्यासारखा पू येऊ लागला. ताप नाही, फारसं दुखणंही नाही. दोन महिने ड्रेसिंग, एकामागून एक अँटिबायोटिक, आणि पुवाच्या रिपोर्टवर दोन्ही वेळा ‘जंतूंची वाढ नाही’. शेवटी जखमेतल्या मांसाचा तुकडा तपासला, तर टीबीसारखे जंतू दिसले. गोळ्या सुरू झाल्या. सासूबाईंनी हिचं ताट वेगळं काढलं, ते हिला जखमेपेक्षा जास्त लागलं.

त्या तुकड्याचं कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून केलेली तपासणी, आलं तेव्हा कळलं, टीबी नव्हताच. जंतू निघाला मायकोबॅक्टेरियम चेलोनी. टीबीच्या जंतूचा चुलतभाऊ, पण मुक्काम मातीत आणि पाण्यात, अगदी नळाच्या पाण्यातसुद्धा. टीबीच्या नेहमीच्या गोळ्यांना तो दाद देत नाही आणि एकाच ताटात जेवल्याने लागत नाही. १९०३ साली बर्लिनच्या मत्स्यालयातल्या समुद्री कासवांत तो पहिल्यांदा सापडला, नावही कासवावरूनच. तो आमच्या घरी कुठून यावा?

दुर्बिणीची नाजूक उपकरणं अनेक ठिकाणी ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) न घालता ग्लुटाराल्डिहाइड या जंतुनाशकाच्या द्रावणात बुडवून, मग पाण्याने खळबळून पुढच्या पेशंटला वापरतात. द्रावण जुनं असलं, चिमट्याच्या सांध्यात रक्त-मांस अडकून राहिलं किंवा खळबळायला साधं पाणी घेतलं, की या जंतूला वाट मिळते. आम्ही विचारलं तर उत्तर मिळालं, “होतं असं कधीकधी.” ड्रेसिंगच्या बाकावर आमच्या शेजारी आणखी दोघी असायच्या. त्यांचीही पट्टी बेंबीलाच.

टीबीचा रुग्ण २०१२ पासून सरकारला कळवावाच लागतो. याला तशी सक्ती नाही, त्यामुळे एकाच ऑपरेशन थिएटरमधले तीन पेशंट तीन वेगवेगळ्या फायलींत राहतात. आरोग्य खात्याने निदान हे जुळवून बघण्याची सोय करावी. आणि महिन्याभराने छेद पुन्हा ओला झाला, तर पू पहिल्याच खेपेला मायकोबॅक्टेरियाच्या, म्हणजे टीबी आणि त्याच्या या चुलतभावांच्या, कल्चरलाही पाठवावा. आमच्याकडे या जंतूवरचं अँटिबायोटिक, क्लॅरिथ्रोमायसिन, अजून चालू आहे, पाचवा महिना.

आपला,
एक वाचक, सांगली जिल्हा