ओढ्यातले बोटभर मासे म्हणजे रोहूची पिल्ले नव्हेत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

थंडी सुरू झाली की इंदूरहून चोरल, सिमरोल, जानापावकडे सहली निघतात. ओढा दिसला की मुले रुमाल पसरून मासे धरतात आणि बरोबरची मोठी माणसे बेधडक सांगतात, "रोहूचं पिल्लू आहे, मोठं होईल." ते मोठे होत नाही. बहुतेक वेळा तो पुरता वाढलेला मासाच असतो, जातच बोटभर लांबीची.

खात्री करायला पाठीच्या परातल्या (पंखातल्या), टोकाशी फाटे फुटलेल्या काड्या मोजाव्यात. पुंटियस आणि पेथिया या छोट्या माशांत त्या 8 असतात, रोहूत 12-13. कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एका ओळीत खवले छोट्यांत 25 च्या आसपास, रोहूत 40 किंवा अधिक. खवले आले की ही संख्या वयाबरोबर बदलत नाही, म्हणून चार सेंटिमीटरच्या माशातही फसगत होत नाही. रंगावर मात्र जाऊ नये. पांढऱ्या बादलीत टाकलेला मासा काही मिनिटांत फिका पडतो आणि पेथिया कॉन्कोनियसच्या नराची लाली विणीच्या काळातच खरी खुलते.

मोजायचे तर मासा धडधाकट हाती आला पाहिजे. मच्छरदाणीचे कापड त्यासाठी निरुपयोगी. त्याची वीण इतकी बारीक की पाणी पटकन आरपार जात नाही, जाळीपुढे दाबाची लाट तयार होते आणि मासा त्या लाटेवरच बाजूला निसटतो. 2-3 मिलिमीटर भोकांची, गाठी नसलेली नायलॉन जाळी घ्यावी. गाठींनी खवले निघतात. चौकट गोल नको, इंग्रजी डी अक्षरासारखी हवी, म्हणजे सपाट बाजू तळाला टेकते. रुंदी 30-35 सेंटिमीटर, पिशवी 40 सेंटिमीटर खोल आणि सव्वा मीटरचा बांबू एवढे पुरते.

मासे प्रवाहाकडे तोंड करून उभे असतात, म्हणून खालच्या अंगाने वर जावे. उथळ खळाळात जाळी तळाला टेकवून धरावी आणि दुसऱ्याने वरच्या बाजूला मीटरभर अंतरावर पायाने गोटे हलवावेत. दहा सेकंद पुष्कळ झाली, जास्त ढवळले तर गाळच भरतो. उलटवलेले दगड जसे होते तसे ठेवावेत, कारण त्यांच्या खाली अंडी असतात. काठाच्या मुळांत जाळी खालून सरकवून मुळे हलवली की तिथे दडलेले मासे आत पडतात.

बाटलीचा सापळा सोपा, पण तोच सर्वात जास्त मासे मारतो. दोन लिटरच्या बाटलीचा वरचा तिसरा हिस्सा कापून उलटा आत बसवायचा, तापलेल्या सुईने भोके पाडायची, आत एक दगड आणि कणकेची गोळी. तोंड प्रवाहाच्या खालच्या दिशेला हवे. वास खाली वाहतो आणि मासे वासाच्या मागे वर येतात. अर्ध्या तासात उचलावा. रात्रभर ठेवला तर आतला प्राणवायू संपतो. विसरलेली बाटली तर महिनोन्‌महिने मासे धरत राहते.

बादली दहा लिटरची असेल तर दहा-बारा छोटे मासे, त्याहून जास्त नकोत. सावलीत ठेवावी आणि दर पंधरा मिनिटांनी अर्धे पाणी बदलावे. हात आधी ओले करावेत. डासांचे मलम लावलेल्या हाताने मासा धरू नये. चपट्या डोक्याचा छोटा मरळ, म्हणजे चॅना गचुआ, बाकीच्यांना खातो आणि उडी मारतो. त्याला वेगळे, झाकण लावून ठेवावे.

ओळखायला 15 बाय 10 सेंटिमीटरची, जेमतेम 3 सेंटिमीटर रुंद काचेची पेटी लागते. पुरेसे पाणी घेऊन मासा दोन मिनिटे त्यात ठेवावा, बाहेरून आलेख-कागदाची पट्टी चिकटवावी आणि डाव्या बाजूचा फोटो घ्यावा. अभ्यासक तीच बाजू पाहतात. सिलिकॉनने घरी जोडलेली पेटी व्हिनेगरचा वास पूर्ण गेल्याशिवाय वापरू नये.

आधी मिशा पाहाव्यात. एसोमस या छोट्या माशाच्या मिशा पोटाखालच्या परापर्यंत लोंबतात, त्याचा घोळ होत नाही. मिशा नाहीत आणि डोळ्यापासून शेपटीपर्यंत सरळ काळी पट्टी आहे तर रासबोरा डॅनिकोनियस. मिशीची एकच जोडी, शेपटीच्या मुळाशी काळा डाग: पुंटियस चोला. तसाच डाग, दुसरा पाठीच्या पराच्या मुळाशी आणि मिशा मुळीच नाहीत: पुंटियस सोफोरे. पेथिया टिक्टोला दोन डाग असतात, एक कल्ल्यामागे लहानसा, दुसरा शेपटीच्या दांडीवर, म्हणजे शेपटीआधीच्या निमुळत्या भागावर; कॉन्कोनियसला एकच मोठा, दांडीवर. सोफोरे आणि पेथियात शंका उरली तर दहापट भिंगातून पाठीच्या परातली शेवटची जाड काडी पाहावी. पेथियात तिची मागची कड करवतीसारखी, सोफोरेत गुळगुळीत. शिवाय पेथियाची पार्श्वरेखा, म्हणजे कुशीवरून जाणारी बारीक भोकांची ओळ, सुरुवातीच्या थोड्या खवल्यांवरच संपते. तळाच्या चिखलात लपणाऱ्या लेपिडोसेफॅलिक्थिस या माशाच्या डोळ्याखाली उघडमीट होणारा काटा असतो; तो जाळीत अडकला तर ओढू नये, धागा कापावा. टेंगरा आणि सिंगी हे काटेवाले मासे हातात घेऊच नयेत. सिंगीचा काटा विषारी असतो. टोचल्यास सोसवेल इतक्या गरम पाण्यात, 45 अंशांच्या आत, अर्धा तास हात बुडवावा आणि डॉक्टरांकडे जावे.

गोल शेपटी, वर वळलेले तोंड, पार्श्वरेखा नाही आणि पाठीचा पर खूप मागे, असा मासा मिळाला तर तो गंबुसिया असू शकतो. 1928 मध्ये डासांसाठी आपल्याकडे आणलेला हा परदेशी मासा देशी माशांची अंडी आणि पिल्लेही खातो. त्याला दुसऱ्या पाण्यात मुळीच सोडू नये. डासांच्या अळ्या रासबोरा आणि एसोमसही खातात, पण हौदात सोडायला त्यांची आठवण कोणाला येत नाही.

जानापावच्या डोंगराच्या एका अंगाचे पाणी गंभीर-चंबळ या नद्यांमार्गे गंगेला मिळते, दुसऱ्या अंगाचे चोरलमार्गे नर्मदेला. म्हणून चोरलचा मासा गंभीर नदीवरच्या यशवंत सागर तलावात सोडणे म्हणजे एका नदीखोऱ्यातला जीव, त्याच्या परजीवींसकट, दुसऱ्यात नेणे. जाळी आणि बूटही दोन ओढ्यांच्या मधल्या वेळात कडकडीत उन्हात वाळवावेत. 16 जून ते 15 ऑगस्ट या विणीच्या काळात आपल्या मध्य प्रदेशात नदीतली मासेमारी बंद असते, तेव्हा जाळी घरीच राहू द्यावी. पावसाळ्यात ओढ्यात उतरूच नये. जुलै 2011 मध्ये पातालपाणीच्या धबधब्याला आलेल्या लोंढ्यात माणसे वाहून गेली होती. शहरातल्या कान्ह-सरस्वती नद्यांत तर कोणत्याच महिन्यात नको.

आपल्या वृत्तपत्रात ओढ्यातल्या माशाचा फोटो छापायचा झाला तर ओळ लिहिण्याआधी पाठीच्या पराच्या काड्या तेवढ्या मोजून घ्याव्यात, ही विनंती.

आपला,
एक वाचक, इंदूर