दार लावून विचारल्याबद्दल

आदरणीय ताई,

अमेरिकेतल्या माजी सैनिकांची घरी शुश्रूषा करणाऱ्या आम्हा कुटुंबीयांकडून हे जाहीर आभारपत्र. माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात, म्हणजे व्हीएमध्ये, जोडीदाराकडून होणाऱ्या हिंसेत मदत करणारी तुमच्यासारखी समन्वयक असते, हे पुष्कळांच्या गावीही नसतं. म्हणून उघडच लिहितो आहोत.

पहिले आभार, एकटं गाठून विचारता याचे. नवऱ्यासमोर ‘घरी सगळं ठीक ना?’ म्हटलं की ‘हो’शिवाय दुसरं काय येणार? तुम्ही दार लावता आणि गेल्या वर्षभराबद्दल पाच नेमके प्रश्न विचारता: मारलं का, पाणउतारा केला का, धमकी दिली का, अंगावर ओरडला का, शरीरसंबंधाची जबरदस्ती केली का? प्रत्येक उत्तराला १ ते ५ गुण. बेरीज ७ किंवा जास्त झाली की पुढचं बोलणं सुरू. हेच प्रश्न तुम्ही सैनिकालाही विचारता, हे फार मोलाचं. औषधं दडवणं, व्हीलचेअर हाताला लागू न देणं, भत्त्याचे पैसे परस्पर उचलणं हीही हिंसाच, आणि ती काळजी घेणाऱ्याकडूनही होते.

‘युद्धाचा आघात आहे, सांभाळून घ्या’ असं सगळेच सांगतात. तुम्ही दोन गोष्टी वेगळ्या केल्यात. दुःस्वप्नातून दचकून उठताना हात उगारला गेला, तर झोपेतल्या माणसाला हलवायचं नाही. हाताच्या टप्प्याबाहेर उभं राहून नावाने हाक मारायची. पण फोन तपासणं, माहेरशी बोलू न देणं, पैशांचा हिशेब मागून धमकावणं हे झोपेत होत नाही. आघातावर उपचार झाले म्हणून ते आपोआप थांबेल, ही आशा धोक्याची.

सगळ्यात मोठी अडचण मानधनाची. व्हीएच्या कुटुंबीय काळजीवाहकांच्या व्यापक साहाय्य योजनेत शुश्रूषा करणाऱ्याला दरमहा पैसे मिळतात. घर सोडलं तर ते त्याच दिवशी बंद होतील या भीतीने बायका मार खात राहतात. हिंसेमुळे योजनेतून बाहेर पडलं तर लाभ आणखी ९० दिवस चालू राहू शकतात, हे तुम्ही सांगितलंत. त्यासाठी संरक्षण आदेश, पोलिसांतली नोंद किंवा डॉक्टर, समुपदेशक वा तुमच्यासारख्या समन्वयकापाशी सांगितल्याची नोंद, यांपैकी एक पुरते. पोलिसांत जायचं धाडस नसलेल्या बाईसाठी हा तिसरा मार्ग म्हणजे केवढा आधार! त्या ९० दिवसांत निवारा, वेगळं बँक खातं आणि कामधंद्याची तजवीज करता येते.

गळा दाबल्याचं कुणी सांगितलं की तुम्ही वळ शोधत बसत नाही. वळ बरेचदा उमटतच नाहीत. आवाज घोगरा झालाय का, गिळताना दुखतंय का, डोळ्यांत लाल ठिपके आहेत का, क्षणभर शुद्ध गेली होती का, लघवी झाली होती का, हे विचारता आणि तडक तातडीच्या विभागात पाठवता. मानेतल्या रक्तवाहिनीला आतून चीर गेली असेल, तर काही दिवसांनीही पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. शिवाय ज्याने एकदा गळा दाबला, त्याच्या हातून जीव जाण्याचा धोका कितीतरी वाढलेला असतो, हेही तुम्ही स्पष्ट सांगता.

बारीकसारीक गोष्टींतही तुमचं लक्ष असतं. माहितीपत्रक पर्समध्ये देत नाही. सामाईक बिलात नंबर दिसतो, म्हणून फोन रुग्णालयातूनच लावून देता. रुग्णाच्या ऑनलाइन खात्याचा पासवर्ड कुणाकडे आहे हे विचारूनच नोंद कशी लिहायची ते ठरवता. मारहाण चालू असताना नवरा-बायकोला एकत्र समुपदेशनाला बसवत नाही, कारण तिथे बोललेल्याचा सूड घरी उगवला जातो. हात उगारणाऱ्या सैनिकाला मात्र वाऱ्यावर सोडत नाही; त्याच्यासाठी जोडीदारावरची हिंसा थांबवायला शिकवणाऱ्या ‘स्ट्रेंग्थ ॲट होम’ कार्यक्रमाचे १२ आठवड्यांचे गटवर्ग सुचवता.

हे पत्र वाचणाऱ्या कुणाला आज गरज असेल, तर घरगुती हिंसेसाठीची अमेरिकेतली राष्ट्रीय हेल्पलाइन १-८००-७९९-७२३३ चोवीस तास चालू असते. दुभाषी मागता येतो. फोन मात्र त्रास देणाऱ्याच्या हाती न लागणारा वापरा.

तुमचे ऋणी,
काळजी घेणारे आम्ही सारे