मारखोरचे वयही छापा

मा. संपादक,

हिवाळा आला की पाकिस्तानातल्या मारखोरच्या, म्हणजे पिळदार शिंगांच्या रानबकऱ्याच्या, शिकार परवान्यांच्या लिलावाची बातमी येते. डॉलरमधला आकडा, मेलेल्या नराशेजारी बसलेल्या परदेशी शिकाऱ्याचे छायाचित्र आणि त्याखाली वाचकांचा संताप. संताप समजण्यासारखा आहे. पण त्या परवान्याने जंगलाचे भले केले की वाटोळे, हे ज्यावरून कळेल ती माहिती बातमीत नसते: मारलेला नर किती वर्षांचा होता?

मारखोर ‘साइटीस’ या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, त्यामुळे त्याच्या शिंगांचा देशोदेशींचा व्यापार बंद आहे. अपवाद म्हणून १९९७ साली पाकिस्तानला वर्षाला ६ नरांची शिंगे शिकाऱ्यांमार्फत बाहेर जाऊ देण्याची मुभा मिळाली. २००२ मध्ये ती १२ झाली. खैबर पख्तुनख्वा, बलुचिस्तान आणि गिलगिट-बाल्टिस्तान यांच्या वाट्याला चार-चार. परवान्याच्या रकमेतले ८० टक्के त्या खोऱ्यातल्या गावांना आणि २० टक्के सरकारला, असा नियम आहे. २०१९ मध्ये एका परवान्याला १ लाख १० हजार डॉलर आले, म्हणजे गावांच्या वाट्याचे ८८ हजार. २०१५ साली आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने मारखोरला ‘संकटग्रस्त’ श्रेणीतून ‘संकटसमीप’ श्रेणीत आणले. गावांनीच चोरट्या शिकारीला आळा घातला, याचा त्यात मोठा वाटा आहे.

हा हिशेब टिकतो तो म्हातारा नर मारला तरच. कॅनडात अल्बर्टातल्या राम माउंटनवर बिगहॉर्न या रानमेंढ्यांच्या शिकारीला शिंगाच्या वळणाची अट होती. वळण पूर्ण वेढ्याच्या चार-पंचमांश झाले की नर मारायला मोकळा. ज्या नरांची शिंगे झपाट्याने वाढत, ते ऐन उमेदीत, पुरेशी संतती होण्याआधीच मारले गेले. अशा निवडीमुळे पिढ्यान्‌पिढ्या शिंगे लहान होत गेली, असा निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने काढला. तेव्हा शिंग किती इंच भरले हा मोठेपणा नव्हे. आठ-नऊ वर्षांचा, माद्यांबरोबर काही हंगाम काढलेला नर निवडला असेल तर कळपाचे नुकसान सर्वांत कमी होते. पाच वर्षांचा देखणा नर पाडला, तर परवाना कायदेशीर असूनही शिकार वाईटच.

हे वय ओळखणे सोपे नाही, आणि ते काम पाहुण्या शिकाऱ्याचे नव्हे, स्थानिक वाटाड्याचे आहे. दर हिवाळ्यात शिंगाची वाढ थांबते आणि तिथे एक वळी उठते; त्या वळ्या मोजायच्या. मारखोरचे शिंग मळसूत्रासारखे पिळलेले असल्याने एका बाजूने सगळ्या वळ्या दिसत नाहीत, नर मान फिरवेपर्यंत थांबावे लागते. टोकाकडची पहिली वळी पुसट असते, ती सुटली की मोजणी एका वर्षाने चुकते. पिळाचे वेढे मोजून वय सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. दुरून आधी शरीर पाहतात: गळ्यापासून छातीवरून पायांपर्यंत लोंबणारी आयाळ, जड खांदे. त्यानंतर तिवईवरच्या मोठ्या दुर्बिणीतून शिंग. हे सकाळी किंवा दुपार कलल्यावर करावे. भर दुपारी तापलेल्या खडकावरची हवा थरथरते आणि वळ्या एकमेकींत मिसळतात.

शिकारीसाठी डिसेंबर निवडण्यामागेही कारण आहे. एरवी वेगळे राहणारे मोठे नर माजाच्या काळात माद्यांच्या कळपात येतात, आणि बर्फ त्यांना खालच्या उतारांवर ढकलतो. तरीही ‘खाली’ म्हणजे सोपे नव्हे. मारखोर मोकळ्या पठारावर राहत नाही. कडे, कपारी, घसाऱ्याच्या नाळा हे त्याचे घर. धोका खालून येतो हे त्याला ठाऊक असते, म्हणून शेजारच्या नाळेतून चढून त्याच्या वर पोचायचे आणि धारेवरून खाली डोकावायचे. यात वारा घात करतो. उतारावर ऊन पडेपर्यंत थंड हवा खाली वाहते आणि वर बसलेल्या माणसाचा वास थेट कळपात नेते. ऊन चढल्यावर ती वर वाहू लागते. मधल्या अर्ध्या-पाऊण तासात वारा भोवऱ्यासारखा फिरतो. तेव्हा हलू नये. घाईने सकाळीच धारेवर पोचून कळप उधळणे ही पाहुण्यांकडून सर्रास होणारी चूक आहे.

नेमाचे गणितही सपाट मैदानासारखे राहत नाही. समजा नर तिरक्या रेषेत ४०० मीटरवर आणि ३५ अंश खाली आहे. गुरुत्वाकर्षण आडव्या अंतरावर हिशेब करते, आणि ते भरते सुमारे ३२८ मीटर. ४०० मीटर धरून नेम घेतला तर .३०० विन्चेस्टर मॅग्नमसारख्या वेगवान बंदुकीचीही गोळी वीतभर वर जाते. छातीतली जीवघेणी जागा जेमतेम तेवढीच असते, म्हणजे गोळी पाठीवरून निघून जाणार किंवा मणक्याच्या वर मांस फाडणार. उतार वर असो की खाली, चूक एकाच दिशेने होते. अंतर मोजणारे चांगले यंत्र कोन धरून आकडा देते, पण थंडीने त्याची बॅटरी बसते. ते आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावे. उंचावर हवा विरळ, म्हणून खाली जुळवलेली बंदूक तिथे थोडी वर मारते. शिवाय जीपच्या धक्क्यांनी बंदुकीवरची दुर्बीण हलते, तेव्हा तळावर पोचल्यावर १०० आणि ३०० मीटरवर गोळ्या झाडून पाहिल्याशिवाय वर जाऊ नये. खटक्यातले तेल गोठून चाप दाबूनही बार न होण्याचा प्रकार घडतो. तेल आधीच पुसून काढावे. नळीच्या तोंडावर चिकटपट्टी लावावी, बर्फ आत जात नाही. बंदूक रात्री तंबूच्या उबेत घेऊ नये, घेतली तर सकाळी काचांवर दव धरते. बार करताना नळी खडकावर टेकवायची नाही, पाठपिशवीवर पुढचा दस्ता टेकवायचा, आणि चढून आल्यावर श्वास बसेपर्यंत चापाला बोट लावायचे नाही.

एवढे जमले तरी शेवटचा प्रश्न उरतो: गोळी लागल्यावर नर कुठे पडेल? कड्याच्या ओठावर उभ्या नरावर बार केला तर तो शंभर-दोनशे मीटर खाली कोसळतो, शिंगे फुटतात, कधी तो अशा घळीत अडकतो की दोर लावूनही हाती येत नाही. जखमी नर निसटला तरी बहुतेक करारांत परवाना संपतो, आणि तो प्राणी दिवसेंदिवस तडफडतो. म्हणून वाटाड्या ‘थांबा’ म्हणाला की थांबायचे. लाखभर डॉलर मोजून आलेल्या माणसाला, सुट्टीचे दोनच दिवस उरलेले असताना, हा शब्द ऐकवण्याची ताकद गावच्या वाटाड्याला मिळाली पाहिजे. मला ही या सगळ्या व्यवस्थेची सर्वांत नाजूक जागा वाटते. वाटाड्याची बक्षिसी नर पडण्यावर अवलंबून असेल, तर तो चुकीच्या नराकडेही बोट दाखवेल.

पामीर पर्वतातल्या मार्को पोलो या रानमेंढ्यांच्या शिकारीची बातमी याच पठडीत छापली जाते, पण तिथली अडचण निराळी. ताजिकिस्तानात त्या ४,००० मीटरच्या वर, उघड्यावाघड्या पठारी डोंगरात राहतात. आडोसा नसल्याने दूरवरून माणूस दिसतो आणि बार लांबून करावा लागतो. कड्यांपेक्षा तिथे उंची मारते. वाटेवरचे खोरोग शहर सुमारे २,१०० मीटरवर, पुढचे मुरगाब गाव ३,६०० च्या आसपास. पामीर महामार्गाने एका दिवसात हे अंतर कापून दुसऱ्या दिवशी शिकारीला निघणाऱ्याला डोकेदुखी आणि उलट्या होण्याची शक्यता मोठी. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची जागा रोज ५०० मीटरहून अधिक वाढवू नये, तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा. बसल्या जागी धाप लागली, खोकल्यातून फेस आला किंवा चालताना झोक जाऊ लागला, तर रात्र असली तरी खाली उतरायचे. औषधाच्या गोळ्या खाऊन सकाळची वाट पाहायची नाही.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि ती बंदच राहावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मागणी एवढीच: पुढच्या हंगामात अशी बातमी छापाल तेव्हा लिलावाच्या आकड्याबरोबर चार गोष्टी विचारून छापा. नराचे मोजलेले वय, त्या खोऱ्यातल्या ताज्या गणनेत किती मारखोर दिसले, बार किती अंतरावरून झाला आणि नर जागीच पडला का, आणि आधीच्या हंगामाचे ८० टक्के गावाला खरोखर मिळाले का. तिथल्या वन्यजीव खात्याचा प्रतिनिधी शिकारीच्या वेळी हजर असतो, शिंगांचे मोजमापही होते. तेव्हा निदान पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्याच दिवशी मिळायला हरकत नाही.

आपला,
एक वाचक